मावळतीकडे तोंड करून

होळी जवळ आली की खाडीकडचा वारा दुपारी अचानक पडतो. पानही हलत नाही. चारच्या सुमाराला तो पुन्हा उठतो आणि येताना वाटेतलं सगळं घेऊन येतो. मुरूम, सुका पाला, कुठल्याशा बांधकामावरची सिमेंटची भुकटी. आमच्या खारघरच्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावरून खालचं मैदान दिसतं. मैदान म्हणजे जाळीनं वेढलेला हिरव्या प्लॅस्टिकच्या गवताचा तुकडा. तासाचे पैसे भरून मुलं तिथे क्रिकेट खेळतात. काल एक मुलगी गोलंदाजी करत होती. डोळ्यांवर कानापर्यंत वळलेला, अंगचाच वाटावा असा गॉगल. धावत आली, चेंडू टाकला, घाम पुसला, परत फिरली. एकदाही तिचा हात गॉगलकडे गेला नाही.

मी चहाचा कप घेऊन गॅलरीत किती वेळ उभी होते कोण जाणे. आतून ह्यांनी विचारलं, "काय बघतेयस?"

"काही नाही. ऊन उतरलं का ते," मी म्हटलं.

उन्हाचा आणि माझा संबंध जुना आहे. पस्तीस वर्षं मी शाळेत पीटीची बाई होते. त्यातली बरीच वर्षं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला संघ कधी जिंकला, कुठली मुलगी कुठल्या सालातली, विचारू नका. पण एकोणनव्वद सालचा मोसम, डिसेंबर ते मे, तेवढा मात्र वेगळा काढून ठेवल्यासारखा राहिला आहे.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. माझं माहेर वाईकडचं, सासर अलिबागकडचं आणि नोकरी पनवेलला. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण नवऱ्याबरोबर राहिले होते एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी हे दुबईला गेले. तिथे एका बांधकामावर वायरिंगचं काम बघायचे. करार दोन वर्षांचा. सासूबाई गावी मोठ्या दिरांकडे, आणि मी टपाल नाक्याजवळ दोन खोल्यांत एकटी. खाली मालकीणबाई राहायच्या. त्या वर आल्या तर पाण्याच्या मोटरीबद्दल काहीतरी सांगायला.

एकटेपणाचं मला फार दुःख होत होतं असं नाही. दुःख व्हायला आधी काहीतरी घट्ट धरलेलं सुटावं लागतं. माझं होतं ते वेगळंच. एका माणसापुरती आमटी करता येत नाही, ती दोन दिवस पुरते. दुसऱ्या दिवशी ती खाताना आपण कालच्याच दिवसात बसलो आहोत असं वाटायचं. रविवारी शाळा नसे. संध्याकाळी बाजारात भाजीवालीशी बोलायला तोंड उघडलं की आवाज घोगरा निघायचा. दिवसभर तो वापरलेलाच नसायचा. सोमवारी सकाळी मैदानावर "साऽवधान" म्हटलं की गळा मोकळा व्हायचा. चारशे मुलं एकदम पाय जुळवायची, तो आवाज मला आवडायचा. मैदानावर मला कोणीतरी ऐकत होतं.

खरं तर मी खो-खोची. जिल्ह्याकडून खेळलेली. पण त्या वर्षी आमचे क्रिकेट बघणारे सर दुसऱ्या गावी गेले आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही. आंतरशालेय सामने तर ठरलेले. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुम्हीच बघा." मी नियमांचं एक जुनं पुस्तक मिळवलं आणि पंधरा दिवसांत पाठ केलं. पाचवारी साडी, कमरेला खोचलेला पदर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि चेंडू मोजायचे सहा खडे खिशाऐवजी हातात, अशी मी अंपायर झाले. बघायला सुरुवातीला शिक्षकही जमायचे. मग त्यांना कंटाळा आला.

आमचं मैदान अरुंद होतं. त्यामुळे पिच आखलं होतं पूर्व-पश्चिम. असं कधी आखू नये, हे लहान मूलही सांगेल, पण दुसरीकडे जागाच नव्हती. शाळा सुटल्यावर, साडेतीनला सामना सुरू व्हायचा. पाहुण्या शाळेचे सर वयानं मोठे असत. ते आल्या आल्या पश्चिमेची बाजू धरून टाकायचे. उरली पूर्व. म्हणजे माझ्या बाजूनं षटक सुरू झालं की मी मावळतीकडे तोंड करून उभी. समोर फलंदाज, त्याच्या मागे कुंपण, कुंपणापलीकडे खाडीकडचा सपाट मुलूख आणि त्यावर थेट डोळ्यांत शिरणारं ऊन. खालचा पांढुरका मुरूमही तापून झळा मारायचा. हातानं डोळ्यांवर आडोसा करावा तर खडे सांडायचे. चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटलेला दिसायचा. मग मधला तुकडा नुसता पांढरा. मग बॅटचा आवाज यायचा. अर्धे निर्णय मी कानानं दिले असतील.

त्या दिशेलाच समुद्र होता, आणि समुद्रापलीकडे हे. षटकं संपता संपेनाशी झाली की मनात हिशोब चालायचा, आता तिथे दीड तास मागे असेल, आता तिथलं ऊन आणखी वर असेल. मग कोणीतरी ओरडायचं, "बाई, ओव्हर झाली!"

आमच्या शाळेचे शिपाई धर्मामामा. बेलपाड्याहून सायकलवर यायचे. फक्कीनं रेघा मारणं त्यांच्याकडे. एकदा रेघ अर्धी टाकून ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"बाई, डोलं लाल झालंन तुमचं. आलं नाय ना डोलं?"

"नाही हो मामा. ऊन लागतं."

"मंग टोपी घाला."

"टोपीनं वरचं अडतं. हे समोरून येतं."

मामांनी मावळतीकडे बघितलं. "आमी मिठागरावं काम करताना डोल्यांवं फडका गुंडालायचो. पन तुमाला फडका गुंडालून आऊट कसा देता येल?" असं म्हणून ते गंभीरपणे रेघ पुरी करायला गेले.

त्या आठवड्यात मी ह्यांना पत्र लिहिलं. पत्र लिहिणं अवघड असायचं. सासूबाईंची तब्येत, पाऊसपाणी, मनीऑर्डर मिळाली, एवढं झालं की पाठकोरी बाजू उरायची. एकोणीस दिवसांच्या ओळखीच्या माणसाला दुसऱ्या बाजूवर काय सांगायचं? म्हणून पान भरायला डोळ्यांचं लिहिलं. अंपायरिंग करते, ऊन समोरून येतं, डोळे लाल होतात. बस्स, तेवढंच.

जानेवारीच्या शेवटी सासरच्या गावातला एक माणूस सुट्टीवर आला, तो पुडकं देऊन गेला. त्यात साबणाच्या वड्या, एक झुळझुळीत कापड, आणि चामड्यासारख्या डबीत गॉगल. बरोबर कागदाची चिठ्ठी, "उन्हात लाव. काळजी घे."

तो गॉगल मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते. केवढा मोठा! फुलपाखरानं पंख पसरावेत तशा दोन काळ्याभोर काचा, सोनेरी फ्रेम, काड्यांवर नक्षी. हातात घेतला तर वजनदार. मी तो संध्याकाळी घरातच लावला आणि आरशात बघितलं. कपाळाचा थोडा भाग आणि हनुवटी एवढीच मी उरले होते. मग तो लावून मी आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत गेले, बाहेरच्या खोलीतून आत आले. स्टोव्हवर दूध होतं, ते काळं दिसलं. मला हसू आलं. कोणालातरी दाखवावंसं वाटलं, म्हणून पाण्याच्या मोटरीचं निमित्त काढून खाली गेले. मालकीणबाई म्हणाल्या, "अगं बाई, नटीच झालात की! इम्पोर्टेड ना? लगेच कळतं." त्या दोन मिनिटं माझ्याशी बोलल्या. फार बरं वाटलं.

शाळेत तर काय, मुलींचा गराडाच. "बाई, एकदा लावून बघू?" शिक्षकखोलीत कोणी म्हणालं, "नवऱ्याचं प्रेम आहे बुवा." मी लाजल्यासारखं केलं.

पण मैदानावर त्या गॉगलनं माझी पार दमछाक केली. घाम आला की तो नाकावरून खाली यायचा. प्रत्येक चेंडूला बोटानं वर ढकला. खाली वाकून खेळपट्टी बघायची म्हटलं तर एका हातानं धरून ठेवा. तासाभरात नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल खळगे पडायचे. आणि अंधार! ऊन अडत होतं खरं, पण उन्हाबरोबर सगळंच अडत होतं. पाचच्या पुढे कुंपणाजवळच्या चिंचेची सावली फलंदाजाच्या बाजूला पसरायची. चेंडू त्या सावलीत शिरला की विहिरीत पडल्यासारखा दिसेनासा व्हायचा. तरी मी तो लावत राहिले. इतक्या लांबून आलेली वस्तू. काढून ठेवणं म्हणजे कोणाचातरी हात झिडकारल्यासारखं वाटायचं.

फेब्रुवारीतल्या एका सामन्यात व्हायचं ते झालं. पाहुण्या शाळेला जिंकायला सहा धावा हव्या होत्या आणि त्यांचा कर्णधार खेळत होता. आमच्या गोलंदाजानं चेंडू टाकला, तो सावलीत शिरला, यष्टिरक्षकाच्या हातात गेला, आणि अकरा मुलं एकदम ओरडली. मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. एवढ्या मोठ्या ओरड्याला काहीतरी कारण असेल असं वाटलं आणि माझं बोट वर गेलं.

तो मुलगा जागचा हलला नाही. बॅटकडे बघत राहिला. मग माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाला, "बाई, लागला नव्हता. शप्पथ."

त्यांचे सर तरातरा आत आले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मॅडम, मॅच बघायला आलात की चौपाटीवर?"

हशा पिकला. आमची मुलंही हसली. ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांना तक्रारींची भीती वाटायची. माझ्याकडे न बघता टेबलावरचे कागद सरळ करत म्हणाले, "तो गॉगल मैदानावर नको, बाई. शिक्षिकेला शोभत नाही असं काही पालकांचं म्हणणं आहे. आणि पुढचे सामने मी दुसऱ्या कोणाला बघायला सांगतो. तुम्ही मुलींची लंगडी घ्या."

मी बरं म्हणून बाहेर आले. लंगडी घेतली. मैदानाच्या एका टोकाला मी आणि मुली, दुसऱ्या टोकाला क्रिकेट. तिथे गणिताचे सर हाताचा आडोसा करून उभे होते आणि चुकत होते, पण त्यांना कोणी चौपाटी म्हणत नव्हतं. गॉगल डबीत गेला. डोळे पुन्हा चुरचुरायला लागले. रात्री मिटले तरी आत मुरूम सांडल्यासारखं व्हायचं. एका शनिवारी फळ्यावर लिहिताना डाव्या डोळ्यातून पाणी थांबेना, तेव्हा मी सुटीनंतर थेट बाजारात मुकादमांच्या दुकानात गेले.

मुकादम चष्मेवाले. साठीचे, पांढरी दाढी, गळ्यात स्वतःचा चष्मा लटकवलेला. अरुंद दुकान, भिंतीवर अक्षरांचा तक्ता. त्यांनी खालची पापणी ओढून डोळा बघितला आणि विचारलं, "उन्हात काम करता?"

मी सगळं सांगितलं. पर्समधून डबी काढून गॉगल पुढे ठेवला. त्यांनी तो हातभर लांब धरला आणि काचेतून समोरच्या खिडकीचे गज बघत हळूहळू वर-खाली हलवला.

"या, तुम्ही बघा. गज काय करतोय?"

मी बघितलं. सरळ गज काचेत नागासारखा वळत होता.

"चांगल्या काचेत रेघ सरळ राहते," ते म्हणाले. "ही नुसती रंगवलेली आहे. अंधार झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते, दरवाजा उघडावा तशी. आणि जे ऊन डोळ्याला खरं मारतं, ते ही काच अडवतच नाही. म्हणजे दरवाजा उघडून चोराला आत घेतलं. ह्यापेक्षा उघडा डोळा बरा. कुठून घेतला हा?"

"माझ्या मिस्टरांनी पाठवला. दुबईहून."

मुकादम थांबले. त्यांनी गॉगल खिशातल्या रुमालानं पुसला, दोन्ही हातांनी डबीत ठेवला, झाकण लावलं आणि माझ्याकडे सरकवला. "मग तो घरी जपून ठेवा, बेटी. लग्नाकार्याला लावा. मैदानाला दुसरा बघू."

मग त्यांनी खणातून एकेक फ्रेम काढायला सुरुवात केली. काचेची नकोच, म्हणाले, चेंडू लागला तर डोळ्यात जाईल. चांगल्या प्लॅस्टिकची घ्या. हिरवा रंग छान दिसतो, पण लाल चेंडू त्यात मळकट होतो. तपकिरी घ्या, लाल उठून दिसेल. भुवईपासून गालापर्यंत झाकेल एवढाच आकार. सोनेरी नको, उन्हात तापतं. काड्या कानामागे वळलेल्या. प्रत्येक फ्रेम माझ्या डोळ्यांवर चढवून ते मागे सरकायचे, मान वाकडी करून बघायचे, पुन्हा काढायचे, स्पिरिटच्या दिव्यावर काडी गरम करून वाकवायचे. "खाली बघा. मान हलवा. जोरात. नाही, घसरतो." पाऊणएक तास हे चाललं होतं. दोन वर्षांत माझ्या चेहऱ्याकडे इतका वेळ, इतक्या लक्षपूर्वक कोणी बघितलं नव्हतं. दिव्याचा वास येत होता. हे लवकर संपू नये असं मला वाटत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती.

शेवटी एक साधी काळी फ्रेम बसली. मुकादम म्हणाले, "आता पळून दाखवा."

"कुठे?"

"गल्लीत. मैदानात पळता ना? मग इथे बघून घ्या. घरी गेल्यावर घसरला तर माझं नाव खराब."

मी पदर खोचला आणि भर बाजारात, दुकानाच्या पायरीपासून भांडीवाल्याच्या कोपऱ्यापर्यंत पळाले. तिथे खो-खोसारखी गर्रकन वळले आणि परत आले. तराजू धरलेला एक वाणी बघतच राहिला. मुकादम पायरीवर उभे राहून ओरडले, "हलला?"

"नाही!" मीही ओरडले. माझा आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले.

पासष्ट रुपये झाले. मागे बांधायची काळी दोरी त्यांनी तशीच दिली.

सोमवारी मी मुख्याध्यापकांसमोर गेले. "सर, मला एक सामना द्या. चुकले तर पुन्हा मागणार नाही."

"पण बाई, तो गॉगल..."

"हा वेगळा आहे सर. वेल्डिंगवाला लावतो तोही गॉगलच असतो. त्याला कोणी नट म्हणत नाही."

ते पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्याकडे बघत म्हणाले, "डोळे फार लाल आहेत हो तुमचे." आणि सामना दिला.

त्या दिवशी मला चेंडूची शिवण दिसली. गोलंदाजाच्या बोटांतून सुटून फलंदाजाच्या बॅटीपर्यंत, उन्हातून सावलीत, सावलीतून यष्टिरक्षकाच्या हातात, सबंध वाट. शेवटच्या षटकात आमची सगळी मुलं झेलासाठी ओरडली. चेंडू बॅटीपासून दोन बोटं लांबून गेलेला मी स्वच्छ बघितला होता. मी मान हलवली. नाबाद. पुढच्याच चेंडूवर त्या मुलानं चौकार मारला आणि आम्ही हरलो. आमची मुलं पाय आपटत गेली. धर्मामामांनी स्टंप उपटता उपटता विचारलं, "लागला नवता ना, बाई?" "नव्हता, मामा." "मंग ठीक हाय."

घरी येताना मी एवढी आनंदात होते की रस्ता कधी संपला कळलं नाही. कुलूप उघडलं, आत गेले, आणि तशीच खोलीच्या मधोमध उभी राहिले. सांगायला कोणी नव्हतं. मग मी पत्र काढलं. पुष्कळ वेळ पेन धरून बसले आणि लिहिलं, "तुम्ही पाठवलेला गॉगल फार छान आहे. त्याचा फार उपयोग होतो."

एप्रिलमध्ये हे आले. बेचाळीस दिवसांची रजा होती. दोन मोठ्या बॅगा, अत्तराचा वास, थोडे विरळ झालेले केस. दोन खोल्यांत आम्ही दोघं पाहुण्यांसारखे वावरायला लागलो. ते स्वतःचं अंथरूण घडी घालून ठेवायचे. मी चहा दिला की "थँक्यू" म्हणायचे, तिकडची सवय. मला त्यावर काय म्हणायचं ते सुचायचं नाही. मी आमटी जास्त करायला लागले आणि तरी ती चुकायचीच, कधी उरायची, कधी कमी पडायची.

चौथ्या दिवशी किल्ली माझ्याकडे राहिली म्हणून ते शाळेत आले. सुट्टीतला सराव चालला होता. षटक संपल्यावर मी वळून बघितलं तर हे चिंचेखाली उभे. माझ्या डोळ्यांवर काळी फ्रेम, मागे दोरी. मी हात वर नेला, पण तोपर्यंत त्यांनी बघितलं होतं.

परत येताना आम्ही तळ्याच्या काठानं आलो.

"मी पाठवलेला लावत नाहीस?"

खोटं बोलायची तयारी मी दोन महिने करत होते. पण तोंडातून निघालं ते खरं. "घसरतो तो. आणि दिसत नाही त्यातून. मला फार मोठा होतो. अहो, रागावू नका. मी पत्रात उगीच लिहिलं."

ते रागावले नाहीत. काठावरच्या कठड्यावर बसले. म्हणाले, "मोठाच घेतला होता." मग म्हणाले, "शुक्रवारी सुट्टी असते. तुझं पत्र घेऊन बाजारात गेलो. दुकानदारानं विचारलं, बाईंचा चेहरा कसा आहे? गोल की लांबट? मला सांगता आलं नाही."

मी समोर उभीच होते.

"खूप आठवून बघितलं. तो थांबला होता. मग पाकिटातला फोटो काढला, लग्नातला. त्यात तू खाली बघतेयस, मुंडावळ्या आहेत, काही दिसत नाही. तो हसला. म्हणाला, मग सगळ्यात मोठा न्या, कोणालाही होतो."

तळ्यात कोणीतरी म्हशी धूत होतं. हे पाण्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही. मला वाटलं, ह्या क्षणी आपण त्यांना सांगावं. सांगावं, की मीही दोन वर्षं दर पत्र वाचताना तुमचा आवाज लावून बघायचा प्रयत्न करत होते आणि तो मला कधी लागला नाही. प्रत्येक वेळी माझ्याच आवाजात वाचत होते. पण मी ते सांगितलं नाही. नुसती त्यांच्या शेजारी बसले. ऊन उतरेपर्यंत आम्ही बसून होतो.

त्यानंतर रजा संपेपर्यंत हे रोज दुपारी मैदानावर यायचे, चिंचेखाली बसायचे. त्यांना क्रिकेटची फारशी आवड नव्हती. धर्मामामा त्यांना तंबाखू विचारायचे, ते नको म्हणायचे. खेळापेक्षा ते माझ्याकडेच जास्त बघतात हे मला कळत होतं. मी बघितलं की मान फिरवायचे.

मग आठ वर्षं ते तिकडेच होते. दर दोन वर्षांनी बेचाळीस दिवस. अठ्ठ्याण्णवला कायमचे आले, तोवर मुलगी सात वर्षांची झाली होती आणि त्यांना "अहो बाबा" म्हणायची. आम्ही भांडलो नाही कधी. दोघं एकटं राहण्यात तरबेज झालो होतो, आणि ती विद्या नंतर विसरता येत नाही. एका घरात राहून आम्ही आजही एकमेकांना जागा करून देतो, जपून, वाटेत आलेल्या अनोळखी माणसाला द्यावी तशी. डाव्या डोळ्यात माझ्या एक पांढुरका ठिपका आहे. डॉक्टर म्हणतात, जुन्या उन्हाचा आहे, वाढणार नाही.

पण त्या मोसमाची म्हणून मला सगळ्यात जास्त आठवते ती मे महिन्यातली दुपार. विमान साडेचारचं होतं. पनवेलहून जीप करून आम्ही विमानतळावर गेलो. बाहेर कठड्याला लागून ही गर्दी. कोणाच्या आया, कोणाच्या बायका, कडेवर पोरं, सगळ्या जणी एकाच दिशेनं पाय उंचावून उभ्या. हे आत गेले. मोठ्या काचेपलीकडे रांगेत उभे राहिलेले मला दिसत होते. पुढे सरकता सरकता ते वळले आणि गर्दीत मला शोधायला लागले.

मी हात वर करायला हवा होता. बाजूच्या सगळ्या जणी हात हलवत होत्या. मी केला नाही. पदर दोन्ही मुठींत धरून, चेहरा सरळ त्यांच्याकडे करून उभी राहिले.

त्यांची नजर कठड्याच्या एका टोकाकडून निघाली. एकेका चेहऱ्यावरून सरकत माझ्यापर्यंत आली, आणि माझ्यावरून पुढे गेली. दोन चेहरे पुढे गेली. मग थांबली. मग मागे आली.